‘पुढील संख्या लिहा’ : एका प्रश्नाविषयी खुले पत्र

प्रति,
प्राथमिक इयत्तांची गणिताची पाठ्यपुस्तके लिहिणारी, तपासणारी आणि त्यांवर प्रश्नपत्रिका काढणारी सर्व मंडळी

विषय : आकृतिबंधाच्या धड्यातला प्रश्न बदलण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

मी तीसेक वर्षे माध्यमिक वर्गांना बीजगणित शिकवले. निवृत्तीनंतर तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर बसायला लागले, तेव्हा ध्यानात आले की आठवीत ज्या चुका मी लाल शाईने खोडत होते, त्यांची मुळे इथे आहेत. काही मुळे तर आपणच हौसेने लावलेली आहेत.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते. फळ्यावर मी लिहिले होते : २, ४, ८, __. पुढील संख्या लिहा. सगळ्या वह्यांत १६ आले. एका मुलीच्या वहीत १४ होते. मी फुली मारली आणि पुढे सरकले. ती मागून आली आणि म्हणाली, “बाई, आधी दोन वाढले, मग चार वाढले, म्हणून आता सहा वाढवले. का चुकले?” मी म्हटले, “अगं, दुप्पट होतंय ना.” ती म्हणाली, “पण तुम्ही दुप्पट कुठे म्हणालात?”

खरेच, कुठे म्हणाले होते?

घरी येऊन मी त्या १४ चा विचार करत बसले. एक कागद घ्या आणि अर्धा दुमडा : दोन थर. पुन्हा दुमडा : चार. पुन्हा : आठ. आणखी एकदा : सोळा. (सहाव्या-सातव्या घडीला कागदच हात टेकतो, ते सोडा.) आता दुसरा कागद घ्या आणि त्यावर एक वर्तुळ काढा. आतला आणि बाहेरचा मिळून दोन भाग झाले. दुसरे वर्तुळ पहिल्याला छेदून काढा : चार भाग. तिसरे दोघांनाही छेदून, पण तिन्ही एकाच बिंदूतून जाणार नाहीत असे काढा : आठ. चौथे वर्तुळ काढताना कितीही कसरत करा, चौदाच्या वर भाग होत नाहीत. कारण चौथे वर्तुळ आधीच्या प्रत्येकाला जास्तीत जास्त दोनदा छेदणार, म्हणजे एकूण सहा बिंदू. त्या सहा बिंदूंनी त्याचे सहा तुकडे होतात आणि एकेक तुकडा एकेका जुन्या भागाचे दोन करतो. आठ आणि सहा, चौदा.

दोन्हीकडे २, ४, ८. घडीत पुढे १६, वर्तुळांत पुढे १४. दोन्ही उत्तरे खरी आहेत. खोटा होता तो माझा प्रश्न.

आणि हे काही अपवादाने घडत नाही. वर्तुळावर बिंदू घेऊन ते सगळे एकमेकांना सरळ रेघांनी जोडले, तर आत होणारे जास्तीत जास्त भाग १, २, ४, ८, १६ असे जातात. पाच संख्या दुप्पट झालेल्या पाहिल्यावर कोणीही पैजेवर ३२ सांगेल. सहा बिंदूंना ३१ च भाग होतात. चार-पाच संख्यांवरून नियम ठरत नाही, तो फक्त सुचतो. सुचलेला नियम टिकतो की नाही, हे त्या संख्या कुठून आल्या त्यावर ठरते. आपल्या पुस्तकांतल्या आकृतिबंधांना मात्र आगापिछा नसतो. संख्या आभाळातून पडतात आणि मुलाने लेखकाच्या मनातले ओळखायचे असते. जे मूल लवकर ओळखते ते हुशार, जे ‘का’ विचारते ते मागे राहते. मला हे कोड्यांच्या सदरात चालेल, गणिताच्या पुस्तकात चालणार नाही.

म्हणून माझे पहिले मागणे साधे आहे. प्रत्येक आकृतिबंधाला त्याचे मूळ द्या. घडी, काड्या, फरश्या, ठिपके, काहीही. आणि ‘पुढची संख्या’ विचारून थांबू नका. शंभरावी विचारा.

शंभरावी विचारल्याने काय होते ते काड्यांच्या चौकोनांवर दिसते. काड्या मांडून एक चौकोन केला, चार काड्या लागल्या. त्याला चिकटून दुसरा केला, सात झाल्या. तिसरा केला, दहा. ‘पुढची’ विचारली तर मूल तीन मिळवते आणि मोकळे होते. चौकोनांची संख्या आणि काड्यांची संख्या यांचे नाते पाहायची त्याला गरजच पडत नाही. ‘शंभर चौकोनांना किती?’ असे विचारले की वर्गात आधी कुरकुर होते. कोणी तीन-तीन मिळवत निघते आणि पंधराव्या चौकोनापाशी कंटाळते. मग कोणीतरी डोके लढवते : दहा चौकोनांना ३१, म्हणून शंभरांना ३१०. हे चूक आहे. पण त्यावर फुली मारू नका, ही चूक म्हणजे खजिना आहे. त्या मुलाला दहा-दहा चौकोनांच्या दहा पट्ट्या खरोखर जोडायला सांगा. जिथे दोन पट्ट्या मिळतात तिथे दोन उभ्या काड्या एकावर एक येतात, त्यातली एक काढून घ्यावी लागते. असे सांधे किती? नऊ. ३१० मधून ९ गेले, ३०१. चुकीच्या उत्तराला नऊ काड्यांची दुरुस्ती केली की बरोबर उत्तर हाती येते, आणि ते मुलाने स्वतः काढलेले असते.

त्याच वर्गात आणखी तीन उत्तरे येतील. एक जण म्हणेल, पहिली उभी काडी बाजूला ठेवली, मग प्रत्येक चौकोनाला तीनच लागतात : १ आणि शंभर वेळा ३. दुसरा म्हणेल, वर शंभर, खाली शंभर, उभ्या एकशे एक. तिसरी म्हणेल, सुटे चौकोन असते तर चारशे लागल्या असत्या, पण नव्याण्णव काड्या दोघादोघांत सामाईक आहेत. तिघांचेही ३०१. एकच गोष्ट तीन डोळ्यांनी पाहिली आणि तीन वेगळे नियम लिहिले तरी ते समान कसे, हा प्रश्न इथे आपोआप उभा राहतो. आठवीत आम्ही ‘राशींना सरळ रूप द्या’ म्हणतो तेव्हा मुलांना आम्ही नेमके हेच करायला लावत असतो, फक्त काड्या काढून घेतलेल्या असतात. काड्या कधी हातात आल्याच नाहीत, तर सरळ रूप कशाचे द्यायचे?

लक्षात घ्या, वरच्या कुठल्याही वाक्यात अक्षर आले नाही. तरी ते सगळे बीजगणित आहे. बीजगणित लवकर सुरू करायचे म्हटले की आपल्याकडे दोन टोकांच्या प्रतिक्रिया येतात. काहींना वाटते, आठवीचा धडा पातळ करून चौथीत ओतायचा. काहींना वाटते, कोवळ्या मुलांच्या डोक्यावर कशाला हे ओझे. दोघांच्याही मनात बीजगणित म्हणजे क्ष. इतिहास तसे सांगत नाही. इ.स. ८२० च्या सुमारास बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने ज्या ग्रंथात समीकरणे सोडवली, ज्याच्या नावातल्या ‘अल-जब्र’वरून पाश्चात्त्य भाषांत या विषयाला नाव पडले, त्यात एकही चिन्ह नाही, सगळे शब्दांत आहे. ११५० च्या आसपास भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ लिहिले, त्यात अज्ञात राशीचे नाव ‘यावत्तावत्’. जितके तितके. आणखी अज्ञात राशी लागल्या की त्यांना रंगांची नावे : कालक, नीलक, पीतक, आणि लिहिताना नुसती आद्याक्षरे. ज्ञात आणि अज्ञात अशा दोन्ही राशींसाठी पद्धतशीर अक्षरे वापरणारा फ्रान्समधला व्हिएत १५९१ साली आला. विचार आधी आला, अक्षर सावकाश मागून आले. मुलाच्या बाबतीतही घाई कशाला?

‘जितके तितके’ हे नाव मला फार आवडते. ते वर्गात उतरवायला एक जुना खेळ पुरतो. मनात एक संख्या धरा. त्यात ५ मिळवा. दुप्पट करा. ४ वजा करा. निम्मे करा. मनातली मूळ संख्या वजा करा. सगळ्यांचे ३ उरले? मुले डोळे विस्फारतात. पुस्तके इथेच थांबतात, ‘गणिताची गंमत’ असे शीर्षक देऊन. गंमत तर यानंतर आहे. मनातल्या संख्येसाठी एक बंद डबी काढा, तिच्यात जितके असेल तितके असू दे. पाच मिळवले : डबी आणि पाच ठिपके. दुप्पट : दोन डब्या, दहा ठिपके. चार गेले : दोन डब्या, सहा ठिपके. निम्मे : एक डबी, तीन ठिपके. मनातली संख्या वजा केली, म्हणजे डबीच उचलून नेली. राहिले तीन. डबी उघडलीच नाही! चौथीतल्या मुलांना हे एकदा कळले की ती स्वतःचे खेळ रचू लागतात आणि घरी जाऊन मोठ्यांना छळतात. मला एकाने सांगितले होते, “बाई, माझ्या खेळात शेवटी नेहमी शून्य येतं, म्हणजे कोणी बेरजेत चुकलं तर मला लगेच कळतं.” पुढे कधी त्या डबीऐवजी अक्षर लिहिले तरी त्याला काही वाटणार नाही. लिहायला सोपे पडते म्हणून ते स्वतःच मागेल.

इथे एक धोका सांगून ठेवते, कारण तो मी पुस्तकांत पाहिला आहे. अक्षरांची ओळख करून देताना ‘प म्हणजे पेन्सिली, व म्हणजे वह्या, ३प + २व’ असे लिहू नका. सोपे वाटते म्हणून लिहिले जाते आणि वर्षानुवर्षे बाधते. अक्षर वस्तूच्या जागी बसलेले नसते, ते संख्येच्या जागी असते : पेन्सिलींची संख्या, पेन्सिलीची लांबी, काय असेल ते. १९८१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक वाक्य समीकरणात लिहायला सांगितले होते : या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. एक तृतीयांशाहून जास्त जणांना ते जमले नाही. चुकलेल्यांपैकी बहुतेकांनी ६व = प (व म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या, प म्हणजे प्राध्यापकांची) असे उलटे लिहिले, जणू सहा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक उभा आहे. हवे होते व = ६प. ही मुले बीजगणितात पास होऊन तिथवर गेली होती.

अक्षरे किती लवकर आणावीत याबद्दल मी हट्टी नाही. सोव्हिएत रशियात १९६० च्या दशकापासून मानसशास्त्रज्ञ दाविदोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीतल्या मुलांना आकड्यांच्याही आधी अक्षरे दिली. मुले दोन पट्ट्यांच्या लांब्या, दोन भांड्यांतले पाणी यांची तुलना करत आणि अ > ब असे लिहीत. हे चालू शकले, कारण अक्षर कशासाठी उभे आहे ते मुलाच्या हातात होते.

आता बरोबरच्या चिन्हाकडे येते. माझा खरा राग या चिन्हाच्या वागवणुकीवर आहे.

८ + ४ = □ + ५

हे कुठल्याही वर्गात विचारून पाहा. चौकटीत १२ येईल. काही जण सगळेच मिळवून १७ लिहितील. फॉकनर, लेव्ही आणि कार्पेंटर या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांत सहावीची १४५ मुले होती, आणि त्या सगळ्यांना चौकटीत १२ किंवा १७ हवे असे वाटले होते. ७ कुणालाच सुचले नाही. ही मुले ढ नव्हती. त्यांनी सहा वर्षे जे पाहिले त्यावरून चोख निष्कर्ष काढला होता : = या चिन्हाचा अर्थ ‘आता उत्तर लिही’. पहिलीपासून हजारो उदाहरणे एकाच साच्यात आली, डावीकडे क्रिया आणि उजवीकडे रिकामी जागा, तर दुसरा अर्थ कुठून येणार? कॅल्क्युलेटरवरची कळही तेच शिकवते.

आपल्या भाषेने यात आणखी गोंधळ घातला आहे. आपण हे चिन्ह ‘बरोबर’ असे वाचतो. ‘बरोबर’ म्हणजे समान, ‘बरोबर’ म्हणजे अचूक, आणि ‘बरोबर’ म्हणजे सोबतही. त्यात “पाच अधिक तीन बरोबर...?” असे सूर चढवून आपण मुलाकडे पाहतो. त्याला ऐकू येते : बरोबर उत्तर सांग. मी हल्ली या चिन्हाला ‘तितकेच’ म्हणते. आठ अधिक चार, तितकेच किती अधिक पाच. व्याकरण जरा लंगडते, पण मूल दोन्ही बाजूंकडे पाहते. १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श वैद्याने हे चिन्ह पहिल्यांदा छापले, तेव्हा सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा त्याने निवडल्या, कारण याहून सारख्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत असे त्याचे म्हणणे होते. ‘उत्तर लिहा’ हा अर्थ त्याच्या मनातही नव्हता.

इलाज स्वस्त आहे. पहिलीतच कधी ७ = ३ + ४ असे उलटे लिहा. कधी ७ = ७ लिहा, मुले हसतील, हसू द्या. कधी २ + ५ = ३ + ४. आणि तिसरीत, आकडेमोड न करता सांगायचे : ५७ + ३८ = ५८ + ३७, खरे की खोटे? जे मूल दोन बेरजा करून ९५ आणि ९५ काढते तेही बरोबरच आहे. पण जे म्हणते, “एकीकडचा एक दुसरीकडे गेला, मग बदलणार कसे?” त्या मुलाने समीकरण पाहिले. पुढे आठवीत ते ‘पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ असा मंत्र पाठ करणार नाही. मी तो मंत्र वर्षानुवर्षे शिकवला, त्याची लाज वाटते.

वेळ नाही, अभ्यासक्रम पुरा होत नाही, हे तुम्ही म्हणालच आणि ते खरे आहे. म्हणून मी नवा धडा मागत नाही. उलट बीजगणिताचा वेगळा धडा नकोच, तो शेवटी टाकला जातो आणि मार्चमध्ये कापला जातो. सरावाचे जे पान आहे तेच नीट लावा. गुणाकाराची सुटी सुटी उदाहरणे देण्याऐवजी ही द्या : २५ × २५, २४ × २६, २३ × २७, २२ × २८. सराव तेवढाच. उत्तरे ६२५, ६२४, ६२१, ६१६. मूल स्वतःच म्हणेल की काहीतरी चालले आहे. ६२५ पेक्षा किती कमी? १, ४, ९. मग २१ × २९ गुणाकार न करता सांगायचा. ३० × ३० पासून निघालो तरी हेच होईल का, हेही त्यांना विचारू दे. अशी चार उदाहरणे रचायला लेखकाला दहा मिनिटे जास्त लागतात, वर्गात मिनिटही जास्त लागत नाही.

आणि ‘नेहमीच का?’ हा प्रश्न दर पानावर येऊ द्या. विषम आणि विषम मिळवले की सम येते, हे दहा उदाहरणांनी पटवू नका. दुसरीतल्या एका मुलाने मला सांगितले, “विषममध्ये सगळ्यांच्या जोड्या लागतात आणि एक जण एकटा राहतो. दोन विषम आले की ते दोन एकटे मित्र होतात.” त्याने कोणतीही संख्या घेतली नव्हती. त्यामुळे ते सगळ्या संख्यांना लागू होते. याला सिद्धता म्हणतात, आणि मी ते त्याला सांगितलेही. त्याने तो शब्द दिवसभर मिरवला.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना वेगळे सांगते, कारण परीक्षेत जे येत नाही ते वर्गात होत नाही. ‘पुढील संख्या लिहा’ला गुण देणे सोपे असते, हे मी तपासनीस म्हणून जाणते. तरी एका पानावर एकच प्रश्न असा ठेवा, जिथे गुण उत्तराला कमी आणि ‘कशावरून’ला जास्त असतील. मुलाने दिलेले कारण मोडक्यातोडक्या भाषेत असेल, चित्रात असेल, बाण आणि ठिपके असतील. तपासायला त्रास होईल. माझी तयारी आहे, पन्नास उत्तरपत्रिका माझ्याकडे पाठवा, मी तपासून देते.

त्या मुलीच्या वहीतली फुली मी दुसऱ्या दिवशी खोडली आणि शेजारी चार वर्तुळे काढून दिली. तिने चौदा भाग दोनदा मोजले. मग विचारले, “पाचवं काढलं तर बावीस होतील ना?” मी काढून पाहा म्हटले. पाच वर्तुळे एकमेकांना नीट छेदणारी काढणे हाताला सोपे नाही. मधली सुट्टी संपली तरी ती खोडतच बसली होती.

आपली,
प्राथमिक वर्गात उशिरा पोचलेली एक निवृत्त शिक्षिका